पावसाचं पदक

८ जानेवारी १९५६, रविवार
लालबागला जाऊन आलो. हापिसातल्या तावडेने सांगितलं ते खरं निघालं. त्याच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राणे गुरुजी म्हणून निवृत्त मास्तर राहतात. कोकणात शाळेच्या आवारात सरकारने पावसाचं मापक बसवलेलं, ते यांनी उभा जन्म सांभाळलं. पगार नाही, भत्ता नाही. रोज सकाळी पाणी मोजायचं आणि आकडा टपालाने कळवायचा. शेवटी पदक मिळालं.
पाहिलं. ब्राँझचं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला ढग आणि खाली वाऱ्याचा कोंबडा. कडेवर नाव कोरलेलं. माझ्याकडे अशी चार आहेत, पण सगळी वारसांकडून किंवा चोरबाजारातून आणलेली. ज्याला मिळालं तोच समोर बसलाय, असं प्रथमच.
गुरुजींनी हातात दिलं नाही. लांबूनच दाखवलं. "पुन्हा या," म्हणाले.
घरी सुधा म्हणाली, "मेलेल्यांची झाली, आता जित्यांच्या मागे लागलात?"
तिला काय सांगणार. आमचे वडील, अण्णा, राजापुरात असंच पाणी मोजत गेले. पदकाची वर्षं भरायच्या आधीच... असो.

१५ जानेवारी, रविवार
पुन्हा लालबाग. आज हातात दिलं. जड आहे.
"घेऊन काय करणार, लिमये?"
"पेटीत ठेवणार. खाली नाव, गाव."
"विकणार नाही?"
"नाही."
बराच वेळ तपकिरीची डबी बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "मी आहे तोवर माझ्याकडे. नंतर तुमचं. शांते, तूही ऐकून ठेव." शांता म्हणजे सून. चहा ठेवत होती, तिने मान हलवली.
मुलगा विष्णू गिरणीत साच्यावर, कापड विणतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघाला होता, शर्टाची बटणं लावत हसला. "पावसान बाबांका पदक दिल्यान, गिरणीन माका खोकलो दिल्यान."
गुरुजी चिडले. "सभांनी पोट भरतं काय रे?"
"बाबानू, तुमी पाऊस मोजलात. आमी माणसा मोजतव."
जाताना मला म्हणाला, चला की भाऊ, तुम्ही पण. मी म्हटलं पुढल्या वेळी.

१७ जानेवारी
काल रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्रात नाही, केंद्राकडे. आमच्या फणसवाडीत कोणी जेवलं नाही धड. सकाळी ट्राम बंद. ठाकुरद्वारपर्यंत चालत गेलो, पुढे जाऊ देईनात. परत.

१९ जानेवारी
संचारबंदी. खिडक्या लावून बसलोय. अश्रुधुराने डोळे चुरचुरतात, सुधा ओला पंचा फिरवतेय सगळ्यांना. मधेच आवाज येतात. समोरचे नाना म्हणतात फटाके. फटाके नव्हेत ते, नानांनाही माहीत आहे.
करमेना म्हणून चारही पदकं काढून पुसली. सुधा बघत होती.

२२ जानेवारी, रविवार
तावडे आला. इतक्या लांबून चालत. पाणी प्यायला आणि मग सांगितलं.
विष्णू गेला. संचारबंदी घटकाभर सैल झाली होती, खाली उतरला. नाक्यावर जमाव होता, तिकडून पोलीस. गोळी मानेत. चाळीतल्या पोरांनी दारात आणला तेव्हा संपलाच होता.
"मोर्चात होता का?" विचारलं.
"सगळे म्हणतात होता."

२४ जानेवारी
भेटून आलो. गुरुजी भिंतीकडे तोंड करून. मी बसलो, उठलो, त्यांना कळलंही नसेल. शांता कोपऱ्यात, भोवती बायका. ती रडत नव्हती. बायकाच रडत होत्या.
आणि तिथे बसल्या बसल्या माझी नजर फळीवर गेली, पदकाचा डबा कुठे आहे म्हणून. काय माणूस आहे मी.

२९ जानेवारी, रविवार
विष्णूचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. झेंडूचा हार. आणि फोटोखाली खिळ्याला, तांबड्या फितीत, गुरुजींचं पदक.
राजाचं डोकं भिंतीकडे, ढग बाहेर. खालच्या मजल्यावरची एक म्हातारी आली, फोटोला हात जोडले, पदकाला बोट लावून ते कपाळाला टेकवलं. बरोबरच्या मुलीला पदकावरचा ढग दाखवून सांगत होती, "शूर होता गो. हो बघ, बंदुकीचो धूर काढलोहा."
कोणी लावलं ते विचारलं. शांता म्हणाली, मीच. "फोटो ओकाबोका दिसत होता. त्यांच्या नावाचं घरात दुसरं काय आहे?"
नाव गुरुजींचं आहे, हे मी बोललो नाही. इंग्रजीत आहे, वाचतंय कोण.
गुरुजी अजून भिंतीकडेच. मात्र फोटोच्या भिंतीकडे नव्हे, उलट्या.

५ फेब्रुवारी, रविवार
हे कसं लिहू.
शांता नळावर गेली होती. गुरुजी एकदम उठले, खिळ्यावरून पदक काढलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. "घेऊन जा. आत्ता. ती यायच्या आधी."
मी म्हटलं, गुरुजी, राहू दे, तिला आधार आहे त्याचा.
"लोक त्याच्या पाया पडतात, लिमये. माझ्या पदकाला हात लावून म्हणतात, महाराष्ट्रासाठी गेला." "तो जात नव्हता. शांतेने नको म्हटलं म्हणून शहाण्यासारखा घरी बसला होता. मी पाठवला. तपकीर संपली होती. दोन दिवस नव्हती, डोकं चालेना. म्हटलं, बंदी उठलीय तोवर नाक्यावरून घेऊन ये."
मी दाराकडे पाहिलं.
"शांता तेव्हा शेजारी होती. तिला वाटतं स्वतः होऊन गेला. तिला सांगू नका. आणि हे इथे ठेवू नका."
घेऊन आलो. गेला महिनाभर जे हवं होतं ते खिशात होतं, आणि चिंचपोकळीपर्यंत खिशाला हात लावला नाही. पेटीत ठेवलं नाही. कपाटात, सदऱ्यांखाली.

८ फेब्रुवारी
शांता आली. फणसवाडी विचारत विचारत, बरोबर तावडेची बायको. सुधाने आत नेलं, कुंकू पुढे केलं, मग ध्यानात येऊन करंडा तसाच पदराखाली घेतला.
शांता मला म्हणाली, "भाऊ, पदक तुम्ही नेलंत ना. मामंजी म्हणाले, तुमचंच ठरलं होतं. ठरलं होतं, मी ऐकलंय. पण ते अजून आहेत की."
"हो."
"मग आत्ताच का काढलं? तुम्हाला काही बोलले?"
सुधा माझ्याकडे बघत होती.
"नाही," म्हटलं. "काही नाही बोलले."
"माझ्याशी पण बोलत नाहीत. ताट सरकवलं की जेवतात. मी काय केलं? ह्यांना मी अडवायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आहे काय? मी अडवलं होतं, भाऊ. तरी गेले. काही वाटलं असेल आतून, म्हणूनच गेले ना?"
मी कपाटातून पदक आणून तिच्या हातात दिलं. तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.
ती गेल्यावर सुधा म्हणाली, "तुम्हाला काहीतरी माहीत आहे."
सांगितलं नाही. एकाचा शब्द मोडला, दुसरीशी खोटं बोललो. तिसरीला कशाला त्यात.

१२ फेब्रुवारी
लालबागला गेलो नाही. अंगात कसर आहे असं घरात सांगितलं.

१९ फेब्रुवारी, रविवार
तावडे नेऊनच सोडेल असा आला होता, टाळता येईना. चाळीच्या चौकात सभा. विष्णूचा फोटो खाली आणून टेबलावर ठेवलेला, पदक पुन्हा त्याच्यावर. शांता शेजारी खुर्चीत. गुरुजींना दोघांनी धरून आणलं. मला पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं.
दोन भाषणं झाली. मग एक कार्यकर्ता म्हणाला, आता हुतात्म्याचे वडील दोन शब्द बोलतील.
मला वाटलं उठणार नाहीत. उठले. टेबलाला धरून उभे राहिले. चौक शांत झाला, वर गॅलऱ्यांतून माणसं वाकली होती.
"माझा मुलगा," म्हणाले, आणि थांबले. मग शाळेत बोलत असतील तशा स्वच्छ आवाजात, "त्या दिवशी मी त्याला..."
मागून कोणीतरी ओरडलं, विष्णू राणे अमर रहे. सगळा चौक उठला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. गुरुजींचे ओठ हलत होते. मी तीन हातांवर होतो, मला शब्द ऐकू आला नाही. घोषणा थांबल्या तोवर ते खाली बसले होते. लोक टाळ्या वाजवत होते.
शांता त्यांच्या अगदी जवळ होती. तिच्या हातात हार होता, फोटोला घालायचा. तो तसाच धरून ती गुरुजींकडे बघत राहिली. कार्यकर्ता दोनदा म्हणाला, वहिनी, हार. ती हलली नाही.
मी निघून आलो.