मुख्याध्यापकांच्या शिक्क्याखालची ओळ

गोरेगाव, ता. सेनगाव
गुरुवार, १५ जून २००६

चि. बंटी यास,

पुंजाकाकाचा सप्रेम जयभीम. तिकडे तुझी तब्येत ठीक असेल, वेळेवर जेवत असशील. इथे तुझ्या काकूचे गुडघे आणि माझे डोके सोडून सर्वांचे बरे आहे. तीन दिवस तुझा मोबाइल बंद येतो, म्हणून हे पत्र पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देत आहे. (पोस्टाने पाठवले तर रविवारनंतर मिळेल, आणि रविवारनंतर मिळून उपयोग नाही.)

आपल्या वधू-वर मंडळाची तू मोठ्या हौसेने करून दिलेली वेबसाइट सोमवारपासून बंद आहे. उघडली की पांढरे पान येते आणि त्यावर एकच मजकूर, की २१२ नंबरच्या ओळीत चूक आहे. चूक काय ते सांगत नाही. मी तीस वर्षे पंचायत समितीत कारकुनी केली, पण असा शेरा मारणारा साहेब पाहिला नाही. रविवारी वाशिमचे पाहुणे आपल्या शीतलसाठी येणार आहेत. त्यांच्या मुलाने कळवले आहे, की आधी वेबसाइटवर मुलीची माहिती पाहू, मगच निघू. म्हणजे साइट लागली नाही तर पाहुणे येत नाहीत, आणि तुझी काकू मला घरात ठेवत नाही.

आता तू म्हणशील, काका, कशालाही हात लावण्याआधी नक्कल ठेवा असे मी बजावले होते. ठेवली होती बाबा. फ्लॉपीवर माझा भरवसा नाही (मागच्या पावसाळ्यात तिला बुरशी लागली), म्हणून सगळी फाइल कागदावर छापून घेतली, चौदा पाने. नुसत्या कागदाला कोण विचारतो, म्हणून शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून पानोपानी सत्यप्रत करून आणली. हिरवी सही, गोल शिक्का, सगळे रीतसर.

दुरुस्तीला संतरामला बोलावले. हा पूर्वी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा, आता त्याच दुकानात इंटरनेट चालवतो. त्याने मोटारीचीच रीत लावली. "घाबरू नका काका, एकेक वायर काढून पाहून राहिलो, फॉल्ट कुठं जाते," म्हणत त्याने चालू साइटवरची एकेक ओळ काढायला सुरुवात केली. २१२ काढली तर चूक २११ वर गेली. २११ काढली तर ती २०९ वर जाऊन बसली. चाळीस ओळी काढल्यावर चूक दाखवणारे पानही येईनासे झाले, आणि संतराम म्हणाला, आता फॉल्ट न्हाई.

शीतल मागे उभी होती. "बाबा, चालू फाइलीत काहून हात घालता? दुसऱ्या जागी ठेवून तपासा. अन् चूक दाखवतेत त्याच्या वरची ओळ पाहा आधी," असे ती दोनदा म्हणाली. आम्ही दोघांनी तिला चहा टाकायला पाठवले. (चहा चांगला झाला होता.)

मग त्या चाळीस ओळी सत्यप्रतीवरून परत टाइप करायला बसलो. मी वाचायचे, संतरामने एका बोटाने मारायचे. २११ पर्यंत नीट आलो आणि तिथेच अडकलो, कारण मुख्याध्यापकांचा गोल शिक्का नेमका २१२ वर बसला आहे. सरांकडे गेलो तर ते म्हणाले, शिक्का स्पष्ट उमटला आहे, तक्रार कसली. तरी ती एक ओळ ताबडतोब कळव. फार वैतागलो आहे.

तुझा,
पुंजाकाका

ता. क. गाडी पंक्चर होऊन इथेच थांबली आहे, म्हणून मागच्या बाजूला लिहितो. संतरामला बोल लावू नकोस. पहिला हात माझाच. वाशिमचा मुलगा साधा बी.कॉम. आहे, आपली पोरगी बी.एस्सी. संगणक, प्रथम श्रेणी. पाहुणे बिचकतील असे तुझी काकू म्हणाली, म्हणून गेल्या रविवारी मी साइटवरून 'प्रथम श्रेणी' एवढेच खोडले. त्याबरोबर शेजारचे अवतरणचिन्हही गेले. तीच २१२ नंबरची ओळ. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

ता. क. २. ओळ कळवू नकोस. शीतलने तुझी फाइल तू दिलीस त्या पहिल्याच दिवशी सीडीवर ठेवली होती. मघाशी दहा मिनिटांत साइट चालू झाली, प्रथम श्रेणीसकट. फक्त तिची स्वतःची माहिती तिने काढून ठेवली आहे आणि 'येऊ नका' म्हणून वाशिमला मला फोन करायला लावला. तेव्हा पुढच्या वेळी गावी येताना एवढेच कर, पुण्याच्या एम.सी.ए.चा फॉर्म आण आणि मुलींच्या वसतिगृहाची चौकशी कर. पोरीने माझ्याकडून तसे लिहून घेतले आहे, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. शिक्का या वेळी तिने स्वतः उभे राहून कोऱ्या जागेवर मारून घेतला.