चर्चच्या पायरीवरच्या चपला

पुदुच्चेरी, शनिवार

सौ. हेमास अनेक आशीर्वाद. नको असल्यास नुसता नमस्कार.

प्रथम तक्रार. सहलवाल्यांनी आम्हा सगळ्यांना पिवळ्या टोप्या घातल्या आहेत. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाने बदकाच्या पिलासारखं रांगेत चालायचं, हा घोर अन्याय आहे.

बाकी प्रकृती उत्तम. तुझा गुडघा कसा आहे? शहाडला मावशींकडे रिक्षानेच जा, उगाच शौर्य नको.

आज फ्रेंचांच्या जुन्या वस्तीतून पायी फिरलो. एका चर्चपाशी मी सवयीने पायरीवर चपला काढल्या. आत बघतो तर सगळे बुटांत! बाहेर पडल्यावर दोन गल्ल्या तसाच अनवाणी चाललो. आपल्या डोंबिवलीचेच केळकर ओरडले, "शास्त्रीबुवा, पादुका देवाला वाहिल्यात की काय?" सगळे हसले, मीही हसलो.

मग वाट दाखवणारी मुलगी मला मागे घेऊन गेली. "सर, यही है ना?"

मी ठामपणे म्हणालो, "नाही, इथे आपण आलोच नव्हतो."

पायरीवरच्या माझ्या चपला तिने स्वतःच्या हाताने उचलून माझ्यापुढे ठेवल्या. लाजेने मला मान वर करवेना.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहितो. आपल्या अपूर्वला एवढ्यात सांगू नकोस, पोरगा उगाच घाबरेल. चपला विसरलो त्याचं काही नाही गं. पण नुकतंच पाहिलेलं दार समोर असूनही मला ओळखता आलं नाही. आणि असं हे पहिल्यांदा झालेलं नाही. मला भीती वाटते.

तुझा
त्र्यंबक