गाडी क्रमांक चारचा रेडिएटर दुरुस्त करावा की बदलावा, याबाबत

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
वाहन विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : गाडी क्रमांक चारच्या गळक्या रेडिएटरबाबत चालकाचा स्पष्ट अभिप्राय, व अनुषंगिक एक विनंती.

संदर्भ : १) आपले दिनांक ५ चे पत्र. २) त्याच विषयावरील आपले दिनांक ९ चे स्मरणपत्र. ३) तपासनीस बाईंची तोंडी तक्रार.

महोदय,

आपल्या पत्रासोबतच्या नमुन्यात दोन चौकोन आहेत, 'दुरुस्तीयोग्य' आणि 'बदलणे आवश्यक'. त्यांतल्या एकात खूण करून नमुना तीन दिवसांत परत करावा असे फर्मान आहे. आज सहावा दिवस. काम अर्ध्या मिनिटाचे आहे हे मान्य. परंतु याच नमुन्यावर मी गेल्या चार महिन्यांत चार वेळा 'दुरुस्तीयोग्य' अशी खूण केली असून चारही वेळा ती खोटी होती. पाचवी खूण करण्यापूर्वी आधीच्या चारांचा जबाब देणे मला भाग आहे.

१. मी खात्यात एकोणतीस वर्षे व या गाडीवर अकरा वर्षे चालक आहे. दर मंगळवारी तपासनीस बाईंना उपकार्यालयात नेणे व संध्याकाळी परत आणणे ही माझी नेमून दिलेली फेरी. अंतर बेचाळीस किलोमीटर. सत्ताविसाव्या किलोमीटरला रस्त्याला लागून एक रोपवाटिका आहे. ती माझ्या एकुलत्या एका मुलीची आहे. तिने माझ्याशी बोलणे टाकले त्याला चार वर्षे झाली.

२. कारण सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून सांगतो. माझी पत्नी दवाखान्यात होती आणि मुलगी तिच्या उशाशी. सकाळी अकराला मुलीने कार्यालयात फोन करून निरोप ठेवला, "बाबाला म्हणावं लगेच निघ, आई विचारतेय." शिपायाने तो चिठ्ठीवर लिहून गाडीच्या खिडकीतून माझ्या हातात दिला. त्या वेळचे साहेब मागच्या सीटवर फाइल चाळत होते. मी चिठ्ठी खिशात घातली आणि गाडी सुरू केली. साहेबांना बैठकीला सोडले, बैठक संपेपर्यंत बाहेर उभा राहिलो, त्यांना परत आणले आणि मग दवाखान्यात गेलो. तोवर खाटेवरची चादरसुद्धा काढून झाली होती.

कार्यालयात सर्वांचा समज असा की साहेबांनी मला सोडले नाही. त्या भल्या माणसाला बदली होईपर्यंत लोकांचे टोमणे ऐकावे लागले आणि मी मूग गिळून बसलो. वस्तुस्थिती अशी की मी त्यांना विचारलेच नाही. विचारले असते तर ते बैठक सोडून स्वतः मला पोचवायला आले असते. एकोणतीस वर्षांत मी कोणत्याही साहेबाकडे तोंड उघडून काही मागितलेले नाही. 'कधीही तक्रार वा मागणी नाही' अशी माझ्या सेवापुस्तकात प्रशंसेची नोंदसुद्धा आहे.

मुलीने दवाखान्याच्या जिन्यात एवढेच विचारले, "साहेबांनी सोडलं नाही का?" मी म्हणालो, "मी विचारलं नाही." निदान तिथे तरी खोटे बोललो नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही.

३. आता रेडिएटरबाबत. पहिली गळती अस्सल होती. खालच्या टाकीच्या सांध्याची झाळ सुटली होती, ते मला कळले नाही. चार महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी उभी राहिली ती नेमकी रोपवाटिकेच्या फाटकासमोर. रोपवाटिका झाल्यापासून दोन वर्षे मी त्या फाटकावरून मान सरळ ठेवून जात होतो. मुलगी झारी घेऊन रोपांना पाणी घालत होती. तिने गाडी पाहिली, मला पाहिले, आत गेली आणि बादली भरून आणली. तहानलेल्या गाडीला पाणी द्यायला वैर आड येत नाही. मी पाणी ओतले. ती म्हणाली, "बादली आत ठेवा." जन्मापासून मला अरे-तुरे करणारी पोर. तरीही चार वर्षांत तिचा आवाज प्रथमच ऐकला, म्हणून मला तेवढ्याचेही फार वाटले.

४. वर्कशॉपातल्या रेडिएटरवाल्याने त्याच दिवशी सांगितले होते, "काका, याची जाळी कुजलीय. एकीकडे झाळ दिली की दुसरीकडे फुटणार. मढ्याला औषध कशाला पाजता? नवा मागा." त्याचा सल्ला सोळा आणे खरा होता. मी त्याचे हात धरून झाळ द्यायला लावली व नमुन्यावर 'दुरुस्तीयोग्य' लिहिले. सांगितल्याप्रमाणे तो तीन आठवड्यांनी पुन्हा फुटला. पुन्हा फाटक, पुन्हा बादली, पुन्हा 'दुरुस्तीयोग्य'. डिकीत पाच लिटरचा कॅन असतो. तो मी मुद्दाम रिकामा ठेवू लागलो.

५. पुढील परिच्छेद लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहितो. चौथ्या दुरुस्तीत रेडिएटरवाल्याने जीव ओतून काम केले आणि गळती पूर्ण थांबली. त्या मंगळवारी गाडी फाटकावरून गार इंजिनाने निघून गेली. मुलगी फाटकाशी उभी होती. मला ब्रेक लावायला काही निमित्त नव्हते. पुढच्या मंगळवारी सकाळी निघण्यापूर्वी मी गाडीखाली शिरून रेडिएटरच्या तळाचा, पाणी सोडायचा नट पाऊण आटा सैल केला. पाऊण आट्याने काटा सत्ताविसाव्या किलोमीटरला बरोबर लालला टेकतो, हे गणित माझे दोन मंगळवारांत बसले. उपकार्यालयात पोचल्यावर नट आवळून टाकी नळावर भरून घेत असे. सरकारी इंजिन जाळण्याइतका धोका मी पत्करला, हे मला ठाऊक आहे. त्या वेळीही ठाऊक होते.

६. दिनांक ३ ची घटना. आदल्या मंगळवारी मुलगी बाहेर आली नव्हती. बादली फाटकाशी भरून ठेवलेली होती. मला वाटले, पाणी जास्त लागले तर दुसरी बादली द्यायला तरी ती येईल. म्हणून नट दीड आटा सैल केला. हाव नडली. गाडी एकोणिसाव्या किलोमीटरलाच बंद पडली. भर उन्हात आजूबाजूला ना घर, ना झाड. तपासनीस बाईंनी आपली पिण्याची बाटली रेडिएटरमध्ये ओतली आणि विचारले, "काका, तुमच्यासारखा जुना माणूस कॅन रिकामा कसा ठेवतो?" मी कॅन डिकीत परत ठेवला. तासाभराने त्यांना भोवळ आली. एका टेम्पोवाल्याने त्यांना पुढे नेले. बाई आता बऱ्या आहेत, परंतु त्यांना काही झाले असते तर त्यांच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवले असते? वाट पाहणाऱ्या घरी उशिरा पोचणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होते. तरी मी तेच करायला निघालो होतो.

७. त्याच टेम्पोवाल्याने परत येताना दिलेल्या पाण्यावर मी गाडी हळूहळू रोपवाटिकेपर्यंत आणली. दुपारचे दोन वाजले होते. मुलगी फाटकात उभी होती. बादलीतले पाणी उन्हाने कोमट झाले होते, म्हणजे ती सकाळीच भरलेली असावी. मी ओतत असताना ती म्हणाली, "इतक्यांदा तापते तर नवा का नाही बसवून घेत? की अजूनही ऑफिसात विचारायची भीती वाटते?"

एवढे बोलून ती आत गेली. मी बादली जागेवर ठेवली. गाडीत बसून, सांगायला संकोच वाटतो, पण मी रडलो. चार महिने मी तिच्या दारात उभा होतो, आणि तिला मात्र तोच माणूस दिसत होता, चिठ्ठी खिशात घालून गाडी सुरू करणारा.

८. काल मंगळवार होता. आपल्या आदेशाने गाडी वर्कशॉपात उभी होती. काल बादली भरली गेली की नाही, मला माहीत नाही.

९. सबब अभिप्राय : रेडिएटर 'बदलणे आवश्यक'. नमुन्यात तशी खूण केली आहे. यापूर्वीच्या चारही खुणा माझ्या एकट्याच्या असून रेडिएटरवाल्याचा त्यात काडीचा दोष नाही. त्याने प्रत्येक वेळी खरे सांगितले होते. नट सैल केल्याबद्दल जी कारवाई व्हायची ती व्हावी, मी ती बिनतक्रार सोसेन. तपासनीस बाईंची क्षमा मी समक्ष मागितली आहे. त्या म्हणाल्या, "काका, आधी सांगायचं ना, मीच थांबा म्हटलं असतं." सगळेच असे म्हणतात. विचारायचे माझेच राहून जाते.

१०. विनंती : येत्या मंगळवारी, दिनांक १७ रोजी, मला रजा मिळावी. हा माझ्या नोकरीतला रजेचा पहिला अर्ज आहे, त्यामुळे भाषेत चूकभूल असल्यास सांभाळून घ्यावी. त्या दिवशी मी बसने जाणार आहे. गाडी सोबत नसेल, तापलेले काही नसेल, आणि फाटकाशी उभे राहून मला काय हवे ते मलाच सांगावे लागेल. काय सांगायचे ते ठरवले आहे. तुझी आई गेली त्या दिवशी मी विचारायला हवे होते, एवढेच.

रजा पूर्ण दिवसाची की अर्ध्या दिवसाची, हे आज निश्चित सांगता येत नाही. तिने आत घेतले तर कृपया पूर्ण दिवसाची धरावी. न घेतल्यास अर्जदार दुपारच्या सत्रात कामावर हजर होईल.

आपला,
नियमाबाहेर गेलेला, तरीही नम्र,

(सही)
चालक, गाडी क्रमांक चार
दिनांक : ११, बुधवार

सोबत :
१) विहित नमुना, खूण केलेला.
२) रेडिएटरच्या तळाचा नट, कागदात गुंडाळून.
३) रजेचा छापील अर्ज. कारणाच्या रकान्यात तीन वेळा खोडले आहे, चौथ्यांदा लिहिलेले ग्राह्य धरावे.