दोरस वगळून

५ सप्टेंबर

मायकी गेला. काल दुपारी. शाळेची पोरं घरोघर सोडली, बस अंगणात लावली, हँडब्रेक ओढला आणि मग मेला. माझा भाऊ असाच. आधी काम, मग बाकीचं.

अठ्ठावन्न वर्षांचा होता.

सकाळी जेर ट्रेसी आला. पुढच्या खोलीत दारू विकतो, मागच्या खोलीत शवपेट्या. गिऱ्हाईक सहसा एकच असतं. वही काढून म्हणाला, "रेडिओला आणि मृत्यूच्या बातम्यांच्या वेबसाइटला द्यायचं. नाव?"

"मायकल रायन."

"रायन दोरस."

"नुसतं रायन."

"अगं ब्रीडा, या एका चर्चच्या हद्दीत अकरा मायकल रायन आहेत. कुठला गेला हे लोकांना कळायचं कसं?"

"आज सकाळी बस आली नाही, त्यावरून कळेल."

हसला नाही. पण लिहिलं मी सांगितलं तसं.

आमच्या टिपररीत दगड मारला तर रायनला लागतो, आणि मारणाराही रायनच असतो. पंडित म्हणतात मूळ नाव ओ'मुलरियन, म्हणजे रियनच्या मुंडण केलेल्या सेवकाचे वंशज. हा रियन कोण, राजा की पाण्यातलं भूत, कुणालाच ठाऊक नाही. इंग्रजांच्या कारकुनांनी पुढचं 'ओ' छाटलं, 'मुल' छाटलं, उरलं ते आम्ही हजारोंनी वाटून घेतलं. म्हणून प्रत्येक घराला मागे एक शेपूट. रायन बान, म्हणजे गोरे. रायन रुआ, म्हणजे लाल केसांचे. आयरिश भाषा इथून जाऊन दीडशे वर्षं झाली, शेपट्या राहिल्या.

आमची शेपटी दोरस. म्हणजे दार. मोठ्या दुष्काळात आमच्या कुणा पूर्वजाने भुकेल्या बाईच्या तोंडावर दार लावलं म्हणे! शाळेत पोरं माझ्यासमोर वर्गाचं दार आपटून "दोरस!" ओरडायची. मायकीला काही वाटायचं नाही. बसच्या आरशावर पोरांनी रंगवलं होतं ते नाव, त्याने राहू दिलं.

निदान मेल्यावर तरी नको. निदान एकदा नुसता रायन.

६ सप्टेंबर

मायकी बैठकीच्या खोलीत, चांगल्या सुटात. दिवसभर माणसं. शेजारणींनी सँडविचेस आणली, तिघींनी माझी किटली ताब्यात घेतली.

रेडिओच्या बातमीने घोळ झालाच. मायकल रायन बानच्या घरी सकाळी सफरचंदाचा केक पोचला, "तुमच्या दुःखात सहभागी" अशा चिठ्ठीसकट. दार खुद्द मायकलनेच उघडलं.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? दुःख केलं आणि खाल्ला." मग पेटीकडे बघून रडला.

प्रत्येकाला पेपरातल्या माझ्या सदरातला तो फेब्रुवारीतला लेख आठवत होता, 'रायनांची खानेसुमारी'. एका आठवड्याच्या मृत्यूच्या बातम्या घेऊन मी मेलेले रायन बटाट्यांसारखे निवडले होते. एकूण चौदा. मायकल चार, जॉन तीन, पॅट्रिक दोन, मार्गारेट दोन, ब्रिजेट दोन, आणि एक फ्रान्सिस, ज्याच्या आईबापांनी थोडी तरी कल्पनाशक्ती दाखवली. "ब्रिजेटींपैकी एक तर कॉव्हेंट्रीला वारली. पूर्वी आपण इंग्लंडला लोणी पाठवायचो, आता ब्रिजेट पाठवतो." मायकीने कापून बसमध्ये चिकटवला होता. पोरांना मोठ्याने वाचून दाखवायचा म्हणे.

आता पाचवा मायकल.

७ सप्टेंबर

पुरला.

शेजाऱ्यांनीच खड्डा खणला. हर्लिंग खेळणाऱ्या क्लबची पोरं दोन्हीकडे रांगेत उभी. फादर बरं बोलले, थोडक्यात.

डिलिया आली नाही. कुठून येणार? आम्ही तिघं भावंडं: मायकी, मग ती, मग मी. पस्तीस वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली, पत्ता नाही. आजी ब्रिजेट म्हणून बाप्तिस्म्यात तीही ब्रिजेट, पण एका चुलीपाशी दोन ब्रिजेट नकोत म्हणून घरी डिलिया. आमच्याकडे अर्ध्या ब्रिजेटींचं असंच होतं. जिवंत आहे का, तेही मला माहीत नाही.

१० सप्टेंबर

माहीत नव्हतं असं लिहायला हवं.

मायकीच्या कपाटात, बसच्या कागदांखाली, बिस्किटाचा डबा. त्यात नाताळची कार्डं. चौतीस! दर वर्षी एक. त्याने पस्तीस वर्षांत एक शब्द काढला नाही. माझ्यासमोर बसून चहा प्यायचा, आणि डब्यात ती.

जमिनीवर बसून सगळी वाचली. पत्ता एकावरही नाही. चार वर्षांपूर्वीच्या कार्डातलं इथे उतरवून ठेवते. ठेवलंच पाहिजे.

"मायक्या, अजून पत्ता देत नाही. तू येशील तर चालेल, पण तू तिला सांगशील. काळजी करू नकोस, मला तुमची खबर असते. रोज सकाळी चहाच्या आधी मी गावाकडच्या मृत्यूच्या बातम्या उघडते आणि शोधात दोरस टाकते. रायन टाकून उपयोग काय, डोळे फुटतील! 'काही सापडलं नाही' असं आलं की मग चहा टाकते. म्हणजे तुम्ही दोघं उभे आहात."

तुम्ही दोघं.

गेल्या नाताळचं शेवटचं: "जरा धाप लागते, बाकी ठीक."

म्हणजे बातमी लागली त्या सकाळीही तिने दोरस टाकलं. काही सापडलं नाही. तिने चहा टाकला.

११ सप्टेंबर

लेख दिला नाही. संपादक म्हणाला, "दुःखावरच लिही की, लोक वाचतात." फोन ठेवला.

१२ सप्टेंबर

हे कुणालाच सांगितलेलं नाही. वही, तुलाही नाही.

'तिला सांगशील' मधली ती म्हणजे मी.

मी सतरा वर्षांची, डिलिया एकोणीस. तिला दिवस गेलेत हे घरात मला एकटीला कळलं होतं, आणि मला माझ्या जिभेचा फार अभिमान होता. संध्याकाळचं जेवण. मी म्हणाले, "आई, डिलियाला अजून एक बटाटा वाढ. दोन माणसांचं जेवण आहे ते."

विनोद! मायकीच्या हातातला काटा तसाच. आई डिलियाकडे बघायला लागली, मग बाबा.

बाबा ओरडले नाहीत. उठले, दार उघडलं आणि धरून उभे राहिले. एवढंच. बाहेरचा वारा आत येत होता, आम्ही सगळे ताटात बघत होतो. डिलिया अंगावरच्या स्वेटरनिशी गेली. बाबांनी दार लावलं, हळूच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मायकी मागच्या दाराने तिचा कोट घेऊन धावला. म्हणून कार्डं त्याला.

मी बटाटा खाल्ला.

१५ सप्टेंबर

जेरला फोन. "त्या बातमीत दोरस घाल."

"आता? अगं पुरून आठवडा झाला. दफनानंतर वेबसाइटवाले बातमी बदलू देत नाहीत."

"तिथे माझी बहीण शोधतेय, जेर."

मग म्हणाला, "डिलिया? आमची डिलिया दोरस?" शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा तो. विसरलेच होते. "थांब. महिन्याची मिस्सा असेल ना? तिची नवी बातमी देता येईल. त्यात हवं ते घालू. पहिल्या ओळीत घालू!"

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मायकीसाठीची प्रार्थना, आठ ऑक्टोबरला. बातमी आधी चार दिवस.

तोवर ती रोज चहा टाकणार.

२१ सप्टेंबर

थेडी रायन रुआ आला. वय एक्याण्णव, नावातच काय ते लाल उरलंय. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू.

"बातमीत दोरस नव्हतं. लाज वाटली होय गं?"

"भुकेल्या बाईला हाकलणाऱ्याचं नाव, थेडी. मिरवायचं?"

"कुणी सांगितलं हे?"

"सगळ्यांनी."

"सगळे गाढव. तुझा बाप तर मुकादम गाढव, त्याने कधी खोडून काढलं नाही." काठी आपटली. "दार लावलं नव्हतं, पोरी. काढलं होतं. बिजागरीतून! त्या हिवाळ्यात माणसं मरत होती आणि पेट्या कुठून आणायच्या? या वस्तीत धड लाकडी दार एकाच घराला होतं. तुमच्या. तो ते काढून द्यायचा, चौघं त्यावर प्रेत न्यायचे, पुरायचे, दार परत आणायचे. लावेपर्यंत दुसरं बोलावणं. शेवटी त्याने लावणंच सोडलं. अख्खा हिवाळा उघड्या घरात काढला बायकापोरांसकट. आमचे दोघं गेले त्या दारावरून. माझी आजी सांगायची, कुणी मेलं की म्हणायचे, जा, दोरसकडे जा."

मी उठून आमच्या दाराच्या बिजागऱ्या बघून आले. माझं हे असं होणं थेडीला आवडलं असावं.

"चहा तरी टाक," म्हणाला.

खरं कशावरून? थेडी असंही सांगतो की त्याच्या घोड्याला प्रार्थना पाठ होती. पण मला तपासायचं नाही. पूर्वजाने दार काढलं, बाबांनी लावलं, मी बातमीतून पुसलं. उतरता क्रम.

२ ऑक्टोबर

बातमी मी स्वतः लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा एका मजकुरात एकही टोमणा नाही.

"मायकल रायन दोरस, ज्याला सगळे मायकी दोरस म्हणायचे. महिन्याची मिस्सा रविवारी अकरा वाजता. डिलियाचा आणि ब्रीडाचा भाऊ. दार उघडं आहे."

जेर वाचून म्हणाला, "शेवटचं वाक्य असं कुणी देत नाही." मग म्हणाला, "राहू दे."

४ ऑक्टोबर

सकाळी चहाच्या आधी मीच टाकलं: दोरस.

एक निकाल सापडला.

५ ऑक्टोबर

फोन आला! ब्रॉडबँडवाली. बिचारीला मी "डिलिया?" म्हणाले.

६ ऑक्टोबर

काही नाही. डिलियाची खोली झाडली. काय बोलायचं ते घोकतेय. "मला माफ कर" हे माझ्या तोंडून टोमण्यासारखंच येतं. आरशासमोर करून बघितलं, तिथेही.

८ ऑक्टोबर, सकाळी

दार उघडं ठेवून मिस्सेला जातेय. कोंबड्या आत येतील. येऊ देत.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी

शेवटच्या बाकावर एक बाई होती. माझ्याहून लहान, मायकीची हनुवटी. मिस्सा संपली तरी उठेना. मी गेले. घोकलेलं सगळं विसरले.

"तुम्ही दोरस का?" तिने विचारलं. उच्चार इंग्रजी, शब्द मोडलेला. "म्हणजे ते काय असतं?"

नाव मिशेल. वय चौतीस. डिलिया वर्षाच्या सुरुवातीलाच गेली. फुप्फुसं.

"आई रोज सकाळी तो शब्द टाईप करायची," मिशेल म्हणाली. "मला वाटायचं पासवर्ड आहे. विचारलं की म्हणायची, घरचं दार वाजवून बघतेय. ती गेल्यावर मी टाकत राहिले. कशाला ते माहीत नाही. चहाच्या आधी. आठ महिने 'काही सापडलं नाही'. बुधवारी सापडलं."

मी तिला घरी आणलं. डिलियाच्या खोलीत झोपली आहे, अंगावर मायकीचं ब्लँकेट. जेर चार वेळा येऊन गेला, प्रत्येक वेळी ब्रेड घेऊन.

३४ कार्डं तिच्या उशाशी ठेवली.

९ ऑक्टोबर

नाश्त्याला मिशेल म्हणाली, "आईची बातमी मीही त्याच वेबसाइटवर दिली होती, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. ब्रिजेट रायन, कॉव्हेंट्री. आडनावाला पुढे काही असतं हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला दिसली नाही का, मावशी?"

"नाही गं," म्हणाले.

दिसली होती. मी मोजली होती.