कैलासवासी आप्पाराव, मुक्काम चकलांबा

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
'आपला चकलांबा' या माझ्या वेबसाईटला आज महिना झाला. ना क्लास, ना मास्तर. एस.टी.त चौतीस वर्षं कंडक्टरकी केली, रिटायर झाल्यावर व्हिडिओ बघून शिकलो. घंटी वाजल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, ही तिकडची शिस्त. तीच इकडे लावली. भजनी मंडळाचं पान तर सगळ्यांत देखणं. कोण काय वाजवतं, सगळं नावानिशी.
संकल्प: रोज एक नवं पान.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ७
आप्पाराव दारात. माझा लंगोटीयार, मंडळात पखवाज वाजवतो. चप्पल न काढता म्हणाला, गहिन्या, मी मेलो कधी बे?
बघतो तर यादीत त्याच्या नावामागे 'कै.' पडलेलं. वरचे तिघे खरोखरच कैलासवासी. लिहिण्याच्या ओघात चौथाही गेला. मी म्हणालो, एका अक्षराचं काय एवढं! तो म्हणाला, ऊसतोडीला गेलेल्या पोरांचे कारखान्यावरून फोन यायलेत, त्यातला भागवत तर लई रडला.
पाच मिनिटांत 'कै.' खोडून 'श्री.' केलं. स्क्रीनवर स्वच्छ दिसतंय. मिटलं.
(कोपऱ्यात एक निळं 'अपडेट' बटण उगवलंय. फोनही सारखा हेच मागतो. मागे एकदा त्याचं ऐकलं, तर फोन दोन दिवस मुका झाला. अपडेटच्या नादी लागायचं नाही, हा माझा नियम.)

१२ नोव्हेंबर, बुधवार
मिटलं नाही. आप्पारावच्या फोनवर तो अजून कैलासवासीच.
प्रकरण वाढलंय. त्याच्या नातीच्या, रोहिणीच्या, लग्नाची सुपारी २३ तारखेला, रविवारी फुटायची. पोराकडचे युसूफ वडगाव या गावचे. पोराचे चुलते रामप्रसाद यांनी साईट बघितली आणि निरोप धाडला: घरात सुतक असताना सुपारी कशी फोडता? अन् आमच्यापासून लपवलं कावून?
आप्पारावनं स्वतः फोन लावला. म्हणाला, मी जित्ता हाय. रामप्रसाद म्हणाले, असं तर कुणीबी म्हणंल, छापून आलंय ते खोटं हाय का?
माझ्या कामावर लोकांचा किती विश्वास आहे, हे यातून दिसतं. पण हे आप्पारावला सांगायची वेळ नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पुतणी वर्षाराणीला फोन केला. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. ती म्हणाली, काका, हा कॅश असेल. मी म्हणालो, अगं, पैशाचा इथं काय संबंध? ती हसली. मी गंमत केली होती.
प्रकार असा. फोन आळशी असतो. एकदा पाहिलेलं पान तो जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच वाढतो. शिंकाळ्यात शिळी भाकर असताना नवी कशाला थापायची? तेव्हा शिंकाळं रिकामं करायचं, म्हणजे त्याला झक मारत ताजी आणावी लागते. याचं नाव कॅश क्लिअर करणं.
रेंज तुटता तुटता तिनं विचारलं, साईटवर बदल तर नीट केलाय ना? म्हटलं, बाळ, चौतीस वर्षं हिशेबाला चुकलो नाही, हे काय विचारणं झालं?
संकल्प: अख्ख्या गावाचं शिंकाळं रिकामं करायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सुग्रीवच्या हॉटेलात बैठक मारली. पहिला फोन आप्पारावचा. क्लिअर केला, उघडला. कै. पुन्हा क्लिअर केला. कै. आप्पाराव म्हणाला, अजून किती डाव मारतो बे मला?
निदान: शिळं खोल मुरलंय. यापुढे होत्या-नव्हत्या सगळ्या चौकटींवर टिक मारून मगच क्लिअर.
एकूण एकोणीस फोन केले. एकोणीसच्या एकोणीस कै. एकही इकडचा तिकडे नाही. याचा अर्थ पद्धत बरोबर आहे, कॅश हट्टी आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज घरोघर. मंजुळाबाईंनी फोन पदराखाली लपवला. गोडीनं काढून घेतला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
लोक उतावळे. सुग्रीवचा फोन आता पासवर्ड मागतो. त्यानं तो चार वर्षांपूर्वी एकदाच टाकलेला, आता आठवेना. ई-सेवा केंद्रातल्या संगीताच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे पासवर्ड साठवलेले होते, तेही माझ्या हातून साफ झाले. तिच्या दारातली रांग रस्त्यावर आली. संगीता म्हणाली, काका, तुमी हात जोडा, न्हाई तर मी जोडते, पण आता निघा.
आमची अंजना जेवायला वाढताना म्हणाली, गावचं शिंकाळं झालं, आता घरचंबी रिकामंच हाय, बाजार आणा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मुळावर घाव घालायचा ठरवलं. युसूफ वडगावला जाऊन खुद्द रामप्रसादांचाच फोन साफ करायचा. गेलो. माणूस सभ्य, पाणी दिलं, फोनही दिला. साफ केला, उघडला.
कै.
ते हळू आवाजात म्हणाले, तुम्ही मयताचे कोण?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज भजनाला पखवाज नव्हता. बोलावणं पाठवलं, तर आप्पारावचा उलट निरोप: मेलेल्यानं वाजवायचं कसं, ते गहिनीनाथाला विचारा.
साठ वर्षांची सोबत. लहानपणी एकाच म्हशीवर बसून नदीला गेलतो. टाळ हातात धरून बसलो, ठेका सापडेना.
रोहिणी रस्त्यात दिसली. वाकून पाया पडली आणि गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आप्पाराव पहाटेच्या गाडीनं स्वतःच युसूफ वडगावला गेला. काखेत पखवाज. रामप्रसादांच्या अंगणात मांडी घालून अर्धा तास वाजवला, तेव्हा कुठं शेजारीपाजारी गोळा झाले आणि रामप्रसादांनी पाय धरले. सुपारी उद्याच.
माझ्या परवाच्या भेटीनं जमीन नांगरून ठेवली होती, हे कोणी बोललं नाही. असो.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ४
सुपारी फुटली. रोहिणी खुशीत. वर्षाराणी पुण्याहून आली होती. जेवण झाल्यावर माझ्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि म्हणाली, काका, हे निळं बटण?
म्हटलं, ते फोनमधलंच भूत आहे. मी त्याच्या नादी लागत नसतो.
ती म्हणाली, काका, तुम्ही 'श्री.' लिहिलं ते इथंच, या खोलीत राहिलं. हे दाबल्याशिवाय ते बाहेर जातच नाही. गावाच्या फोनमध्ये शिळं काही नव्हतं, तुम्ही ताजी भाकर थापलीच नव्हती.
मला माझी एस.टी. आठवली. प्रवासी बसवले, दार लावलं, तिकिटं फाडली, आणि बारा दिवस घंटीच मारली नाही.
दाबलं. मांडवात पळत गेलो, म्हटलं, आप्पा, झालास जित्ता, बघ! त्यानं फोन उघडला.
कै.
वर्षाराणी म्हणाली, काका, आता मात्र हा खरंच कॅश. क्लिअर केला की जाईल.
मी हात पुढे केला. आप्पारावनं फोन बंडीच्या आतल्या खिशात घातला, माझ्या पसरलेल्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, ऱ्हाऊ दे बे. हाय तसा बरा हाय मी.