बिनस्टँडची सायकल

बालाघाट
सप्टेंबर २००९

प्रिय अपूर्व,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. तू विचारलंस, कंपनी मेल पाठवून अभिप्राय मागते आहे, सायकल कशी निघाली ते सांगा, मी इथून लिहून टाकतो. मी 'सायकल छान आहे' म्हटलं आणि फोन तुझ्या आईकडे दिला. फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये उभं राहून मला काही सांगता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो. पत्र लिहायची सवय सुटली आहे, मागेपुढे झालं तर समजून घे.

आबा जाऊन आता दीड महिना होत आला. दूधवाला अजून सकाळी आबांच्याच नावाने हाक मारतो आणि मग ओशाळतो. तुझी आई त्याला काही म्हणत नाही, मीही नाही. घरात बाकी सगळं ठीक आहे. तुझी नोकरी सध्या कशी आहे हे फोनवर तू नेहमी हसून टाळतोस. तू तिसऱ्या दिवशीच परत गेलास, तेराव्या दिवसापर्यंत, तेरवीला थांबू शकला नाहीस, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. आठवड्याला माणसं कमी होतात अशा ऑफिसमध्ये सुट्टी कुठून मागणार? पण तू नसल्यामुळे तेरवीला जे झालं ते तुला माहीत नाही, आणि ते तुला सांगितल्याशिवाय कंपनीला काय लिहायचं हेही सांगता येणार नाही.

दानात काय काय द्यायचं ते तेरवीचे विधी सांगणाऱ्या महाराजांनी सांगितलं. गादी, छत्री, चपला, भांडी. आणि म्हणाले, गेलेल्या माणसाने रोज वापरलेली एखादी वस्तू नवी आणा. घरात बसलेली सगळी माणसं एकदमच म्हणाली, सायकल. आबा ऑफिसात असताना सायकलने गेले, रिटायर झाल्यावर रोज पहाटे वैनगंगेच्या घाटावर सायकलनेच गेले. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आणि दान घेणार भाचा. तुझ्या पुण्यातल्या मित्रांना हे विचित्र वाटेल, पण आपल्याकडे भाच्याचा मान केवढा असतो ते तू लांजीच्या मामाकडे पाहिलं आहेस. तो तुझ्या पाया पडतो आणि तू हसत पळतोस. आबाही दर दिवाळीला शालिकदादाच्या पाया पडायचे. ऐंशीच्या घरातला माणूस वाकतो आहे म्हणून शालिकदादा ग्रीसने काळे झालेले पाय मागे घ्यायचा आणि ओरडायचा, "मामा, पाप लावू नका जी मले, निदान पाय त धुऊ द्या!"

आता अडचण तुझ्या लक्षात येईल. माझ्या सत्यभामाआत्याचा एकुलता एक मुलगा म्हणजे शालिकदादा, आणि शालिकदादाचं तर सायकलचंच दुकान. त्याच्याकडून सायकल घ्यावी तर तो मामाच्या घरून पैसे घेणार नाही, आणि पैसे न देता आणलेली वस्तू दान कशी होईल? दुसऱ्या दुकानातून आणावी तर आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी त्याच्यापर्यंत पोचली असती. हनुमान चौकापासून गुजरीपर्यंत सायकलवाले सगळे एकमेकांचे ओळखीचे. तुझी आई सरळ म्हणाली, "इतका विचार काहून करता? जाऊन विचारून त पाहा त्याईले." मी म्हटलं, विचारायचं काय, मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो घेणार नाही म्हणजे नाही. त्या दिवशी तुझा फोन आला, मी तुला हे बोलून दाखवलं, आणि तू म्हणालास, "टेन्शन मत लो बाबा, मी नेटवरून पाठवतो, कोणाला कळणार पण नाही." खरं सांगतो, मला फार हलकं वाटलं. कोणाला कळणार नाही हेच मला हवं होतं; तेरवीला ती त्याच्याच हातात जाणार होती, पण तोवर तरी त्याला विचारणं टळत होतं.

शालिकदादाच्या दुकानात सायकल घेणं म्हणजे काय असतं ते तुला आठवत असेल. पैसे खिशात आहेत म्हणून तो कोणालाही सायकल देत नाही. भरवेलीच्या खाणीतला माणूस आला तर आधी विचारेल, पाळी रात्रीची का दिवसाची, मागे बायको बसते का पोतं बसतं. मग जी सायकल गिऱ्हाइकाला आवडली असेल ती सोडून दुसरीच पुढे करेल. बोलणं तर असं की नवीन माणूस घाबरावा. "ब्रेक दाबतो का चपला घासतो बे? चपलेचं दुकान तिकडं आहे." पण घंटी, स्टँड, कॅरिअर, कुलूप, सीटवरचं कव्हर, सगळं बसवून, स्वतः चौकापर्यंत फिरवून आणल्याशिवाय सायकल दुकानाबाहेर पडत नाही. आणि त्याच्या दुकानाचा नियम, महिनाभराने नवी सायकल परत आणायची. सगळे नट, तारा, ब्रेक तो पुन्हा कसून देतो. जो आणत नाही त्याला रस्त्यात अडवून शिव्या देतो.

तू पाठवलेली सायकल गोंदियाला ट्रान्सपोर्टमध्ये येऊन पडली होती. शेजारचा वसंता गाडी घेऊन गेला आणि तेरवीच्या आदल्या दिवशी दुपारी घेऊन आला. गाडीतून एक चपटं खोकं उतरलं. मी वसंताला विचारलं, सायकल कुठे आहे? तो म्हणाला, "काका, हेच सायकल होय." खोकं उघडलं तर चाक वेगळं, हँडल वेगळं, पायडल वेगळे, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. रंग सुंदर होता, गिअर होते, पॅकिंगही चांगलं. पण स्टँड नव्हतं, घंटी नव्हती, कॅरिअर नव्हतं, चाकांवर मडगार्डसुद्धा नव्हते. मला वाटलं काही सामान राहून गेलं. खोक्यावरच्या नंबरवर फोन केला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक मुलगी आली. फार गोड बोलली. मी तिला म्हटलं, बेटा, उद्या माझ्या वडिलांची तेरवी आहे, सायकल उभीच राहत नाही. ती म्हणाली, असुविधा के लिए हमें खेद है सर, स्टँड इस मॉडल के साथ नहीं आता. आणि शेवटी विचारलं, क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ? मी नाही म्हटलं आणि तिचे आभार मानले. तिची काही चूक नव्हती.

फिटिंगसाठी वसंता चौकातल्या महागू मिस्त्रीला घेऊन आला. महागूने पिशवी उघडली, पाना काढला, मग खोक्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. म्हणाला, "साहेब, हे शालिकभाऊच्या मामाचं घर ना?" मी हौ म्हटलं. "शालिकभाऊले माहीत आहे?" मी खाली पडलेलं प्लास्टिक गोळा करू लागलो. त्याने पाना परत पिशवीत टाकला. "राग नका मानू. त्याईच्या मामाच्या घरची सायकल मी काहून कसू? उद्या बजारात तोंड दाखवायचं आहे मले." चहासुद्धा न घेता गेला. मग मी आणि वसंता संध्याकाळपर्यंत झटत होतो. हँडल बसलं पण वाकडं, पुढचं चाक बसलंच नाही. शेवटी ती अर्धवट सायकल खोक्यासकट आंगणात चादरीखाली झाकून ठेवली.

सकाळी शालिकदादा पांढरं धोतर नेसून आला. दान घ्यायला आलेला माणूस, त्याचे पाय मी धुतले. पाय धुताना मी वर पाहिलं नाही. त्याने चादर उचलली, खोक्यावरची अक्षरं वाचली, पुन्हा चादर टाकली. महाराज घाई करत होते, तर त्यांना म्हणाला, "थांबा महाराज, आधी सायकल जोडू त द्या. चाक हातात घेऊन जाऊ का घरी?" लोक हसले. त्याने वसंताला दुकानातून पाने आणायला पाठवलं, धोतर खोचलं आणि सगळ्या नातेवाइकांसमोर मातीत बसून स्वतःला मिळणारी सायकल स्वतः जोडली. मी मुंडण केलेल्या डोक्याने बाजूला उभा होतो. जोडून झाल्यावर ती उभी कशी राहणार? वसंता म्हणाला, दुकानातून स्टँड घेऊन येतो. महाराजांनी अडवलं. घेणाऱ्याने दानात आपल्या पदरचं काही घालायचं नसतं, म्हणाले, जे आहे ते यजमानाच्या घरचं पाहिजे. म्हणून सगळा संकल्प होईपर्यंत मी ती सायकल हाताने धरून उभा राहिलो. एका हातात पाणी, एका हातात हँडल. तुझी किरनापूरची अनुसयाकाकू मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई बाई, जिंदगीभर घंटी वाजवत गेले मामंजी, अन् देली त बिनघंटीची! वर रस्ता कोन देईन त्याईले?" शालिकदादाने तेवढं ऐकलं आणि काकूवर डोळे वटारले. मग हार घातलेली सायकल घेऊन तो पायीच गेला. बसला नाही.

महाराज जाताना एक बोलले, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. घेणाऱ्याने वस्तू वापरली तरच ती गेलेल्याला पोचते. आणि मी रोज ऑफिसला जाताना पाहतो तर सायकल दुकानात आतल्या भिंतीला टेकलेली. हार वाळला तरी तसाच. तो स्वतः आपल्या जुन्याच सायकलवर जातो-येतो. मी रस्ता बदलला. रेल्वे फाटकाकडून वळसा घालून जाऊ लागलो. तुझी आई म्हणाली, शालिकभाऊजी आले नाहीत बऱ्याच दिवसांत. मी म्हटलं, सीझन आहे, कामात असेल. आबांना सायकल पोचली नाही आणि आबांचा भाचाही या घरातून गेला, दोन्ही माझ्यामुळे, हे मी रोज घेऊन ऑफिसात बसत होतो.

गेल्या रविवारी सकाळी मी आंगणात होतो. फाटक वाजलं. शालिकदादा तीच सायकल हाताने ढकलत आत आला आणि गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहतं तसा माझ्यासमोर उभा राहिला. "महिना झाला," म्हणाला. "कसून दे." मला कळलं नाही. तो म्हणाला, "ज्याच्या घरून सायकल घेतली त्याच्याकडंच आणायची असते ना बे? का तुमच्या कंपनीत तसं नाही?" मी म्हटलं, दादा, तू तर ती चालवतच नाहीस. त्याने सायकल भिंतीला टेकवली. "रोज पहाटे घाटावर जाऊन राह्यलो हिच्यावर. मामा जात होते तितंवरी. उजाडायच्या आत परत. दिवसा कशी चालवू? बजारातला एक एक जण विचारन, शालिकभाऊ, हे कोठून घेतली. काय सांगू? का माह्या मामाच्या पोरानं तेरवीची सायकल माह्यापासून लपवून मागवली?"

महिनाभर तो आपल्या घराची लाज झाकत होता, अपूर्व, आणि मी समजत होतो की तो रागावला आहे.

मी कसंबसं म्हटलं, तू पैसे घेतले नसतेस म्हणून तसं केलं. त्यावर त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "पोरीच्या लग्नात घेतले नसते. दिवाळीले घेतले नसते. हे मामाचं दान होतं. मोजून घेतले असते, पूर्ण. इतकं मले समजत नाही का? तू एकदा विचारलं का मले?" तुझी आई दारात उभी होती. तेरवीआधी तिनेही मला हेच सांगितलं होतं.

मग त्याने पाना माझ्या हातात दिला. एकेक नट दाखवत गेला आणि मी कसत गेलो. दोनदा हात घसरला, तर म्हणाला, "बाबू लोकाइचे हात!" आबांच्या जुन्या सायकलची घंटी काढून आण म्हणाला, ती याच घरची आहे, ती चालते. ती मी बसवली. वाजवून पाहिली तेव्हा तुझी आई आत निघून गेली. त्या सायकलचं स्टँड मात्र हिला बसत नाही. वेगळं लागतं, ते त्याच्या दुकानात आहे. मी म्हटलं, आत्ता येतो दुकानात, पैसे देतो. तो नको म्हणाला.

म्हणून हे पत्र. कंपनीला लिही की पॅकिंग चांगलं होतं, मुलगी नीट बोलली. त्यांनी जे कबूल केलं ते दिलं. पण शालिकदादाचा निरोप असा आहे, आणि मी तो जसाच्या तसा लिहितो: "सायकल त्यानं घेतली, स्टँड त्यानंच घ्यायचं. पुण्याच्या गिऱ्हाइकाले म्हणा, दुकानात ये, भाव विचार, पैसे दे, अन् माह्यासमोर बसून स्वतःच्या हातानं कस. एक रुपया सोडणार नाही." दसऱ्याला त्याच्या दुकानासमोर ओळखीच्या सगळ्यांच्या सायकली पूजेला ओळीने उभ्या राहतात. आबांची सायकल त्या ओळीत दिवसाढवळ्या उभी करायची आहे, असं तो म्हणतो. सुट्टी एका दिवसाची मिळाली तरी ये. नाहीच मिळाली तर मला फोनवर नको, त्याला सांग. मी तुला ओढून आणतो आहे असं वाटेल, पण एकट्याने त्या दुकानाची पायरी चढायला माझे पाय अजून तयार नाहीत. मी अजून रेल्वे फाटकाकडूनच ऑफिसला जातो.

तू येईपर्यंत सायकल त्याच्या दुकानात भिंतीला टेकून आहे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बाबा