डिस्क वाढवताना

अण्णा, लग्नांच्या शूटिंगची तुमची ती हार्ड डिस्क आज गेली. तुम्ही गेल्यावर नऊ वर्षं मी ती इन्व्हर्टरवर चालूच ठेवली, एकदाही बंद केली नव्हती. बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही, ही धास्ती. तिची तार शेवटची तुम्ही जोडलेली होती, हेही एक कारण, पण ते कुणाला सांगितलं नाही.

तुम्ही मात्र ती रोज थांबवायचात. जुन्नरच्या आपल्या स्टुडिओत 'बंद' म्हणायची सोय नव्हती. दुकान वाढवायचं, आणि त्याच चालीवर डिस्कही. कॅसेटी तिच्यात उतरवून घेत होतात त्या दिवसांत एका संध्याकाळी तुम्ही "वाढव गं ती" म्हणालात आणि मी सरळ तार ओढली. तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. "वाढवायचं म्हंजी उद्या परत उघडायचं आसतं. आधी कॉम्प्युटरला सांग, मग वर हात ठिव, आतली चकती थांबली की तार काढ. लोकांची माणसं हायेत त्यात." पुढे दोन दिवस तुम्ही मला तिला हात लावू दिला नाहीत. मला राग आला होता. थोडा अजूनही आहे.

आज सकाळी आळे गावाहून एक बाई आल्या. त्यांची आई गेल्या महिन्यात वारली. चालती-बोलती आई आता फक्त तुम्ही काढलेल्या त्यांच्या लग्नात आहे, आणि कॅसेटी तर बुरशीनं कधीच गेल्या. मी शोधायला लागले आणि डिस्क टकटक करू लागली. हात ठेवला तर तवा. चालू ठेवावी तर जळेल, थांबवावी तर उठायची नाही. बाई बाकावर पदराचं टोक पिळत होत्या. "ताई, दमलंय ते. जरा इसावा द्या की त्येला." शेवटी मी ती वाढवली, तुम्ही सांगितलं तशी, चकती थांबेपर्यंत हात ठेवून. तासभर पंख्याखाली ठेवली. तार जोडली आणि ती फिरली.

किती वेळ फिरेल याचा नेम नव्हता. पडद्यावर पट्टी सरकत होती, बाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, त्यांचंच लग्न उतरतंय. मी आधी दुसरंच घेतलं होतं, ज्यात कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज येतो: "पावणं, डावीकडं सरका राव, नवरी झाकतीय." पुरी दहा मिनिटं त्यात गेली. मग त्यांच्या फाइली लावल्या. हळद आली, लग्न आलं, जेवणावळ आली. पाठवणी उरली आणि डिस्क थांबली ती थांबलीच.

पंगतीत आई दिसली तशा बाई रडल्या. माझे हात धरले. मग म्हणाल्या, "आन् पाठवणी? आई माझ्या गळ्यात पडली व्हती." मी म्हणाले, कॅसेट मुळातच तिथं खराब होती.

"आसंल," त्या म्हणाल्या. "आन्नांनी तर जीव लावून काढलं व्हतं."

तुम्ही उतरवलीत तेव्हा कॅसेट चांगली होती, अण्णा. मी तुमच्यावर ढकललं. तुमचा आवाज उतरला आहे, पण अजून लावून ऐकायचा धीर झालेला नाही.